प्रकल्पग्रस्तांच्या मुलांचे इंग्रजी

उरण तालुक्यातल्या मुलाच्या कानावर 'प्रकल्प' हा शब्द पहिल्यांदा शाळेत पडत नाही. तो घरात पडतो, आणि बहुधा 'ग्रस्त' हे शेपूट लावूनच पडतो. आजोबांच्या नावाचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला ट्रंकेत जपून ठेवलेला असतो आणि त्या दाखल्याच्या आधारे केलेला काकांचा नोकरीचा अर्ज कुठल्यातरी कार्यालयात पडून असतो. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली. ठाणे, पनवेल आणि उरण या तीन तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. भातखाचरे, मिठागरे आणि खाजणे यांच्यावर भराव घालून आज जी द्रोणागिरी वसते आहे, ती त्याच संपादनाचे अपत्य होय. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले, तेव्हा कुठे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व शासनाच्या गळी उतरले. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडीहून येणारा सागरी सेतू खुला झाला आणि त्याच दिवशी उरणपर्यंत लोकलही आली. ऑक्टोबर २०२५ मध्ये पनवेलजवळच्या विमानतळाचे उद्घाटन झाले. प्रकल्पामागून प्रकल्प आले, आणि प्रत्येकाने आपापले ग्रस्त मागे ठेवले.

आता हाच शब्द शाळेच्या दाराने मुलांपुढे येत आहे. मुलांनी घोकंपट्टी न करता प्रकल्पांतून शिकावे, इंग्रजीसारखी परकी भाषादेखील एखादे काम पार पाडता पाडता आत्मसात करावी, असा विचार शिक्षणक्षेत्रात आग्रहाने मांडला जातो. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही अनुभवातून शिकण्याचा पुरस्कार केला आहे. विचार चांगला आहे. परंतु शाळाशाळांतून 'प्रकल्प' म्हणून जे चालते ते पालकांना पुरते ठाऊक आहे. पुठ्ठा, चकचकीत कागद, दुकानातून विकत आणलेली चित्रे, रात्री जागून आईने किंवा थोरल्या बहिणीने लिहिलेला मजकूर, आणि शेवटी वहीवर पडणारे गुण! मुलाला त्यातले एक वाक्यही स्वतःचे म्हणून बोलता येत नाही. या प्रकल्पात मूलही एका अर्थाने ग्रस्तच ठरते.

या प्रश्नाकडे पक्षाच्या कार्यकर्त्यांनी 'शिक्षकांचा विषय' म्हणून पाहू नये, असे आम्हांला वाटते. द्रोणागिरीच्या आसपासच्या गावांत इंग्रजी ही केवळ शालेय विषयाची भाषा नाही. ज्या कागदाने जमीन जाते, समुद्र बुजतो आणि नोकरी मिळते किंवा हुकते, त्या कागदाची ती भाषा आहे. पर्यावरणीय परिणामांच्या मूल्यांकनासंबंधीची २००६ ची अधिसूचना पाहा. जनसुनावणीपूर्वी प्रकल्पाचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा, असे ती सांगते. शेकडो पानांचा मूळ अहवाल मात्र इंग्रजीत असतो. कोळीवाड्यातल्या माणसाने सारांशावर समाधान मानावे आणि तपशील सल्लागारांनी वाचावा, अशी ही वाटणी आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित लवादाच्या पुणे खंडपीठाने उरण-पनवेल परिसरातील १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. त्या लवादाच्या कामकाजाची भाषा इंग्रजी आहे. ज्यांची मासेमारी बुडाली त्यांना आपल्या बुडालेल्या मासेमारीचा हिशेब परक्या भाषेत सिद्ध करावा लागला. जासईचे दि. बा. पाटील लढ्याचे नेते होते, तसेच ते वकीलही होते, हे या संदर्भात विसरता कामा नये. मोर्च्याला जशी माणसे लागतात, तसा कागद वाचणाराही लागतो.

इंग्रजीविषयी आमच्या चळवळीची भूमिका जुनी आहे. डॉ. राममनोहर लोहियांनी १९५७ साली 'अंग्रेजी हटाओ'ची हाक दिली, ती इंग्रजी पुस्तके जाळण्यासाठी नव्हे. लोहिया स्वतः इंग्रजीत आणि जर्मनमध्ये निष्णात होते. मूठभरांनी सत्तेभोवती उभारलेली इंग्रजीची भिंत पाडावी, न्यायालय, शासन आणि शिक्षण यांचा व्यवहार लोकभाषांत व्हावा, ही त्यांची मागणी होती. ती मागणी आजही आमची आहे. मूळ अहवाल मराठीत मिळालाच पाहिजे आणि सुनावणी मराठीतच झाली पाहिजे. परंतु भिंत पडेपर्यंत कष्टकऱ्यांच्या मुलांनी भिंतीबाहेर उभे राहावे काय? या प्रश्नाचे उत्तर आम्ही इतकी वर्षे टाळले आणि आमच्यापैकी अनेकांनी ते आपल्या घरापुरते गुपचूप सोडवून घेतले. सभेत मराठी शाळांच्या बाजूने भाषण करणाऱ्या किती कार्यकर्त्यांची नातवंडे जिल्हा परिषदेच्या शाळेत आहेत, याची मोजदाद एकदा झालेली बरी. लोकांना ही विसंगती दिसते. म्हणूनच ते आमचे भाषण ऐकतात आणि आमचे आचरण गिरवतात.

पालकांचे चुकते कुठे, हे समजून घेतले पाहिजे. द्रोणागिरी या नावामागची रामायणातली कथा सर्वांना माहीत आहे. हनुमंताला संजीवनीची मुळी हवी होती. ती ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा पर्वतच उचलून आणला. आमचा पालक नेमके हेच करतो आहे. त्याला हवे असते इंग्रजीवरचे प्रभुत्व. ते कशाने येते हे त्याला कोणी सांगितलेले नाही. म्हणून तो गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल असा सगळा डोंगर इंग्रजीतून मुलाच्या डोक्यावर ठेवतो. हनुमंत समर्थ होता. सहा वर्षांचे पोर नसते. घरी आगरी, कोळी किंवा कराडी बोली, शाळेच्या पुस्तकातली प्रमाण मराठी ही खरे तर तिच्यासाठी दुसरी भाषा, आणि त्यावर माध्यम म्हणून इंग्रजी. अशा मुलीला 'भागाकार' कळत नाही की 'डिव्हिजन' हा शब्द कळत नाही, हे शिक्षकालाही सांगता येत नाही. अर्थशास्त्राच्या भाषेत सांगायचे तर इंग्रजी ही येथे टंचाईची वस्तू आहे. टंचाईच्या बाजारात माल कसाही असला तरी वेष्टनाला किंमत येते. गणवेश, टाय आणि शुल्काची पावती हे ते वेष्टन. भूखंडाच्या मोबदल्यातून आलेला पैसा किती घरांतून या वेष्टनावर खर्च होत असेल!

दुसरीकडे सरकारी शाळेतले इंग्रजीही समाधानकारक नाही, हे मान्य केले पाहिजे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्याआधी ते पाचवीपासून होते. म्हणजे दहावीला बसणारा विद्यार्थी दहा वर्षे हा विषय शिकलेला असतो. २०२५ साली पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावर महाराष्ट्र पेटून उठला आणि २९ जूनला शासनाला आपले निर्णय मागे घ्यावे लागले; ते योग्यच झाले. पण त्या सगळ्या गदारोळात, पहिलीपासूनच्या इंग्रजीचे पंचवीस वर्षांत काय झाले, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही. 'असर'च्या २०२३ च्या अहवालानुसार पाहणी झालेल्या ग्रामीण जिल्ह्यांतील १४ ते १८ वयाच्या मुलामुलींपैकी सुमारे ५७ टक्क्यांना इंग्रजी वाक्ये वाचता आली, आणि ज्यांना वाचता आली त्यांच्यातील सुमारे एकचतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. हे आकडे देशभरचे आहेत. परंतु उरण-पनवेलच्या शिक्षकांना ते अनोळखी वाटणार नाहीत. अक्षर वाचता येते, अर्थ हाती लागत नाही. याचे कारण, भाषा कशासाठी तरी वापरायची असते हेच या दहा वर्षांत मुलाच्या अनुभवाला येत नाही.

येथे प्रकल्पाचा उपयोग आहे. आणि ही कल्पना परदेशी पाहुणी आहे असे समजण्याचे कारण नाही. विल्यम किलपॅट्रिक यांनी 'प्रकल्प पद्धती'वरचा आपला प्रसिद्ध निबंध १९१८ मध्ये लिहिला, तो ज्या कोलंबिया विद्यापीठाच्या परिसरात, तेथेच त्याच्या काही वर्षे आधी डॉ. आंबेडकर जॉन ड्युई यांच्या वर्गात बसत होते. त्याहीपूर्वी, १८८२ मध्ये, महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढील आपल्या निवेदनात शेतकऱ्यांच्या मुलांना त्यांच्या जीवनाशी जोडलेले प्राथमिक शिक्षण मिळावे असा आग्रह धरला होता. १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आणि नयी तालीम यांनी हाताच्या कामाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणले. डॉ. कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम उभारला, लीलाताई पाटलांनी १९८५ मध्ये कोल्हापुरात सृजन-आनंद विद्यालय काढले. काम करता करता मूल विचार करू लागते, हे महाराष्ट्राने आपल्या मातीत पाहिले आहे.

इंग्रजीपुरते बोलायचे तर सर्वांत मोलाचा प्रयोग दक्षिण भारतातला आहे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर, मद्रास आदी ठिकाणच्या साध्या शाळांतून व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांपुढे कोडी आणि कामे ठेवली. नकाशा वाचून रस्ता सांगा, रेल्वेचे वेळापत्रक पाहून कोणती गाडी पकडावी ते ठरवा, अशी ती कामे होती. मुलांचे लक्ष अर्थावर खिळले की भाषेचे रूप मागोमाग येते, हा त्यांचा सिद्धान्त. पुढे मूल्यमापन झाले. त्याचे निष्कर्ष जपून मांडलेले असले तरी प्रयोगाला अनुकूल होते. हे वर्ग सुखवस्तूंच्या निवडक शाळांतले नव्हते, ही गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते.

द्रोणागिरीत हे कसे होईल? समजा, जिल्हा परिषदेच्या शाळेतला सातवीचा वर्ग आहे. शाळेसमोरच्या रस्त्याने दिवसभर कंटेनर जातात. त्यांच्या धुळीत ही मुले वाढली आहेत. प्रत्येक कंटेनरवर चार इंग्रजी अक्षरे असतात. पहिली तीन मालकाची खूण, आणि चौथे बहुतेक वेळा 'यू'. पुढे सहा अंकांचा क्रमांक आणि मग चौकटीत एकच अंक, जो आधीची अक्षरे आणि आकडे बरोबर लिहिले आहेत की नाहीत हे तपासण्यासाठी असतो. दारावर 'मॅक्स ग्रॉस' म्हणजे मालासकट कमाल वजन, 'टेअर' म्हणजे रिकाम्या पेटीचे वजन, आणि 'नेट' म्हणजे आत भरता येईल तेवढ्या मालाचे वजन लिहिलेले असते. मुलांना वाहतुकीत उभे करण्याची मुळीच गरज नाही. शिक्षकांनी काढलेली दहा छायाचित्रे पुरतात. गटागटाने मुले नोंद करतात, पहिल्यातून दुसरे वजा करून तिसरे पडताळतात, कोणती पेटी जड आणि कोणती हलकी याची तुलना इंग्रजी वाक्यांत लिहितात. तुलनेची रूपे शिक्षकांनी आदल्या दिवशी फळ्यावर समजावलेली असतात. तिसऱ्या आठवड्यात वर्ग बंदराच्या व्यवस्थापनाला एक इंग्रजी पत्र लिहितो: आमच्या गावावरून जाणाऱ्या या पेट्यांतून काय जाते, आणि शाळा सुटण्याच्या वेळी अवजड वाहने थांबवता येतील काय? पत्र खरे असते, पत्ता खरा असतो. उत्तर आले तर तो वाचनाचा पाठ. न आले तर नागरिकशास्त्राचा.

करंजा किंवा मोरा येथील मुलांचा प्रकल्प भरती-ओहोटीचा असेल. उधाण आणि भांग यांचे गणित कोळ्याच्या मुलाला तिथीवरून येते; तेच छापील इंग्रजी कोष्टकात कसे मांडलेले असते ते तो ताडून पाहील. त्याचा आजोबा येथे शिक्षकाहून मोठा तज्ज्ञ ठरेल. माशांच्या नावांचा द्विभाषिक तक्ता करताना बोंबलाला इंग्रजीत 'बॉम्बे डक', म्हणजे चक्क बदक, म्हणतात हे कळल्यावर वर्ग हसेल. आणि हसत शिकलेला शब्द विसरला जात नाही. मोठ्या वर्गातली मुले एखाद्या प्रकल्पाच्या अहवालातले एकच पान घेतील आणि त्याचा मराठी सारांश ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतील. ज्या दिवशी गावातली म्हातारी माणसे त्या फलकापुढे थांबतील, त्या दिवशी मुलांना इंग्रजी कशासाठी शिकायचे ते निराळे सांगावे लागणार नाही.

या पद्धतीवर आक्षेप आहेत आणि ते खरे आहेत. पहिला असा की गटात मुले मराठीतच बोलतात. बोलू द्यावीत. विचार आपल्या भाषेत होणार, फळ इंग्रजीत उतरणार. मात्र उतरवण्यासाठी लागणारी वाक्ये शिक्षकाने आधी हाती दिली पाहिजेत, एरवी एक हुशार मुलगा लिहितो आणि बाकीचे रंग भरतात. दुसरा, व्याकरण आणि सराव यांना फाटा देता येत नाही. तेही मान्य. प्रकल्प त्यांची जागा घेत नाही, त्यांना प्रयोजन देतो. तिसरा आक्षेप समाजवाद्यांनी विशेष लक्षात घ्यावा असा आहे. जो प्रकल्प घरी करावा लागतो तो घराची सुबत्ता मोजतो, मुलाची समज नव्हे. ज्याच्या घरी संगणक आणि शिकलेली आई त्याला पूर्ण गुण, कातकरी वाडीतल्या मुलीला शून्य! म्हणून प्रकल्प शाळेच्या वेळात, शाळेच्या साहित्याने आणि शिक्षकाच्या देखरेखीखालीच झाला पाहिजे. विकत आणलेल्या तक्त्याला एकही गुण मिळता कामा नये.

मग प्रश्न शिक्षकाचा येतो, म्हणजे अर्थातच पैशाचा आणि धोरणाचा येतो. सर्वेक्षणे, निवडणुका आणि माहितीच्या तक्त्यांत अडकलेला शिक्षक प्रकल्प घेणार कधी? २०२३ साली वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळांचे 'समूह शाळां'त विलीनीकरण करण्याच्या हालचाली शासनाने केल्या. मुले इंग्रजी माध्यमाकडे जातात म्हणून पट घटतो, पट घटला म्हणून शिक्षक काढतात, शिक्षक नाही म्हणून उरलेलीही जातात. हे चक्र तोडायचे तर सरकारी मराठी शाळेतच उत्तम इंग्रजी मिळते, हे लोकांना डोळ्यांनी दिसले पाहिजे. मराठी शाळा केवळ अस्मितेच्या भाषणांनी वाचणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. आठवड्यातून दोन जोड तासिका इंग्रजीच्या प्रकल्पांसाठी राखाव्यात आणि त्याचे साहित्य शाळेला अनुदानातून मिळावे. शिक्षकांची रिक्त पदे भरावीत व त्यांना अशैक्षणिक कामांतून मुक्त करावे. बंदर, सिडको आणि तेल कंपन्या यांनी सामाजिक दायित्वाच्या नावाने बोधचिन्ह छापलेली दप्तरे वाटण्यापेक्षा आपली माहिती मुलांना खुली करावी: फलक द्विभाषिक करावेत, कोष्टके आणि नकाशे शाळांना द्यावेत, मुलांच्या पत्रांना उत्तरे द्यावीत. आणि प्रत्येक प्रकल्पाचा संपूर्ण अहवाल मराठीत मिळावा. मुले इंग्रजी शिकली म्हणून लोकांचा मराठीचा हक्क संपत नाही. मराठी हा हक्क आहे, इंग्रजी हे हत्यार आहे. दोहोंपैकी एकही सोडण्याचे कारण नाही.

कार्यकर्त्यांनी शासनाची वाट पाहत बसू नये. शाखेतल्या एका शिकलेल्या साथीने आठवड्यातून एक संध्याकाळ गावच्या शाळेला द्यावी. शिक्षकांच्या डोक्यावर बसण्यासाठी नव्हे, त्यांच्या हाताखाली काम करण्यासाठी. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीला जावे आणि प्रकल्पाची वही उघडून पाहावी. अक्षर कोणाचे आहे, मुलाचे की दुकानदाराचे, एवढे विचारले तरी सुरुवात होईल. या भागातल्या तीन पिढ्यांनी दुसऱ्यांनी आखलेले प्रकल्प सोसले. चौथ्या पिढीने निदान एक प्रकल्प स्वतः आखावा, स्वतः पुरा करावा, आणि त्याखाली आपले नाव दोन्ही भाषांत लिहावे.